ओढायची जागा

१८ ऑक्टोबर. पिकअपच्या पुढचे दोन्ही हुक काढायचे, गंज घासायचा, बोल्ट तपासायचे आणि परत घट्ट बसवायचे, एवढं आजचं काम. समुद्र जवळ असला की लोखंड लवकर म्हातारं होतं, म्हणून दर वर्षी दिवाळीच्या आधी मी हे उरकून घेते. अंगणात ताडपत्री टाकली, पाठीवर झोपून गाडीखाली सरकले, पहिला बोल्ट सैल केला आणि मेट्रनबाई आठवल्या. या कामात त्या आठवतातच.

वारल्या नाहीत त्या. भाचीकडे कॅनडाला गेल्या. तिथे बर्फात अडकलेल्या गाड्यांच्या मालकांना झापतात, असं भाची फोनवर सांगते. मला त्याचं काही आश्चर्य वाटत नाही.

मेट्रनबाई विरारजवळच्या वटार गावच्या. आखातातल्या एका हॉस्पिटलात मेट्रन म्हणून उभी हयात काढून गावी परतल्या, ते एक सेकंडहँड फोर बाय फोर जीप विकत घ्यायला. लग्न केलं नव्हतं. केळी, तगर आणि सोनचाफ्याची वडिलोपार्जित वाडी होती, वर स्वतः राहायच्या, खालचा मजला भाड्याने द्यायच्या. मी तेव्हा बोळिंजला फ्लॅटमध्ये राहून रोपवाटिका चालवायचे. म्हणजे रोपं गॅलरीत, पिशव्या जिन्यात आणि सोसायटीचा सेक्रेटरी दारात. मोकळी जागा हवी होती. कोणीतरी मेट्रनबाईंचं घर सुचवलं.

मी पिकअप घेऊन फाटकात शिरले. बाई ओट्यावरून उतरल्या. नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही. थेट गाडीच्या मागे जाऊन, गाऊन गुडघ्याशी गोळा करून, खाली बसल्या.

"हा गोळा कोणी लावला?"

मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा होता. आधीच्या मालकाने लावलेला. मी तसं सांगितलं.

"याला दोर बांधून कधी कोणाला ओढलंयस?"

"एकदा. रिक्षा होती."

"रिक्षा होती म्हणून तू इथे उभी आहेस. हा काढून ये, मग घर दाखवते."

मी वैतागून परत फिरले. पण वाडी बघितली होती, विहीर बघितली होती. विरारला गॅरेजात जाऊन गोळा काढून घेतला आणि संध्याकाळी पुन्हा हजर झाले. बाईंनी खाली वाकून खात्री केली आणि मगच किल्ली दिली. भाडेकरू म्हणून माझी तेवढीच चौकशी झाली.

माणसाला भेटण्याआधी त्याची गाडी खालून बघायची, ही त्यांची रीतच होती. लग्नाच्या वरातीत नवरा-नवरीची फुलांनी सजवलेली गाडी आली की सगळे नवरीकडे बघायचे आणि मेट्रनबाई बंपरखाली. एकदा चर्चच्या सणाला फादर नवी गाडी घेऊन आले. बाईंनी गाडीला चक्कर मारली आणि विचारलं, "फादर, ही कुठे रुतली तर ओढायची कुठून?"

फादर हसून म्हणाले, "देव ओढील, मेट्रन."

"देवालासुद्धा हुक लागेल," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या गाडीचा हुक डिकीत, स्टेपनीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. तो सपाट रस्त्यावर सरळ ओढायला दिलेला असतो. चिखलातून उपसायला नाही."

फादरनी त्यांच्यादेखत डिकी उघडली. हुक पिशवीतच होता.

त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. गाडीचा सांगाडा म्हणजे चासी. चासीला जाड बोल्टांनी बसवलेला, रुतलेल्या गाडीचं ओझं सहन करण्यासाठीच बनवलेला हुक असेल, तर तिथून ओढायचं. बाकी सगळ्याला हात लावायचा नाही. बंपर म्हणजे पत्रा. गाडीखाली दिसणाऱ्या बारीक कड्या या कारखान्यातून ट्रकवर चढवताना गाडी बांधायला असतात. लालभडक रंगाचे जे हुक दुकानात टांगलेले दिसतात, ते नुसते दागिने. आणि गोळा तर कधीच नाही.

बोल्टच्या बाबतीत त्या जास्तच कडक. डोक्यावर ताकदीचा आकडा कोरलेला नसेल, तर तो बोल्ट त्या कुंडीत फेकून द्यायच्या. "हा खिळा आहे. याच्यावर कॅलेंडर टांग."

घरात हॉस्पिटलची शिस्त. शॅकल, म्हणजे आडवी पिन असलेल्या त्या यू-आकाराच्या कड्या, किडनी ट्रेमध्ये ओळीने मांडलेल्या. ओढायचे पट्टे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळत घातलेले, शेजारी रविवारच्या चर्चच्या साड्या. पट्ट्याला कुठे काप दिसला की बाई कात्री आणून त्याचे तुकडे करायच्या, म्हणजे कोणी उचलून पुन्हा वापरायला नको. एकदा मी म्हटलं, "एवढासा तर काप आहे, रोपं बांधायला तरी द्या." त्यांनी मला हातभर तुकडा दिला. "एवढाच. यापेक्षा लांब दिला तर तू गाडी बांधशील."

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. आखातात शुक्रवारी सुट्टीला नर्सा मिळून गाडी काढायच्या आणि वाळवंटात जायच्या. तिथेच त्या वाळूतली गाडी शिकल्या. एका शुक्रवारी दुसरीच एक टोळी रुतलेली गाडी गोळ्याला पट्टा लावून ओढत होती. गोळा तुटला आणि पट्ट्यासकट उडून मागच्या गाडीच्या काचेतून आत गेला. "तो माणूस माझ्याच वॉर्डात आला," बाई म्हणाल्या आणि मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. "देठं एवढी मोठी ठेवू नकोस."

मला त्या दर रविवारी दुपारी अंगणात शिकवायच्या. मी शिकायला नको म्हटलं असतं तरी शिकवलंच असतं. शॅकलची पिन पूर्ण आवळायची, मग किंचित उलटी फिरवायची, नाहीतर ताणाने ती अशी अडकते की सुटत नाही. दोन पट्टे जोडायला मध्ये शॅकल घालायची नाही. काही तुटलं तर ती गोळीसारखी सुटते. पुढच्या दोन हुकांत आखूड पट्टा घालून मधून ओढायचं, म्हणजे ताण दोघांवर वाटला जातो. आधी फावडं, मग पट्टा. आणि ताणलेला पट्टा ओलांडणाऱ्याला मेट्रनबाई जे बोलायच्या ते चर्चला जाणाऱ्या बाईच्या तोंडी शोभत नसे.

ओढण्याच्या जागेला त्या ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, म्हणायच्या. "ओटीत फालतू माणूस नको. ओटीत एकच बोलेल."

गावातले हसायचे. मेट्रनचं डोकं वाळवंटात तापलं, असं त्यांच्या सख्ख्या भावाचं मत होतं.

मग एका सणाला चर्चच्या आवारात कोणाच्या तरी बंपरखाली बघायला वाकताना तोल गेला आणि त्यांचं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. जीप चालवायची बंदी. त्या दिवसांत बाईंच्या समोर येण्यापेक्षा लोक रस्ता बदलायचे.

प्लास्टर हातात असतानाच ती दुपार आली. फाटकाशी मोटरसायकल थांबली. अर्नाळ्याच्या अलीकडच्या किनाऱ्यावरच्या नाखविणीचा दीर होता. होडीच्या मालकाला इकडे नाखवा म्हणतात, त्याची बायको ही नाखवीण. आमच्या गल्लीत मासळीची टोपली घेऊन यायची तेव्हापासून माझी ओळख, म्हणजे भावावरून भांडण. तिने आणि नवऱ्याने जुनी होडी विकून एक फोर बाय फोर जीप घेतली होती. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर जायचा आणि हिने किनाऱ्यावरून मासळी उचलून बाजारात न्यायची, असा बेत. दुसरं काही हाताशी ठेवलं नव्हतं.

"बाय, गाडी बसली वालूत," दीर मला म्हणाला. "पानी चढतंय. तुजी पिकअप आन."

मेट्रनबाई वरून जिन्याने उतरल्यासुद्धा होत्या. चांगल्या हातात किडनी ट्रे.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा जीप ओल्या वाळूत मागच्या चाकांनी पार बसलेली. मासळी घ्यायला ती मागे मागे पाण्याकडे नेली होती आणि तिथेच रुतली. तोंड जमिनीकडे, पाठ समुद्राकडे. प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा थोडी पुढे येत होती. नाखवीण कमरेला पदर खोचून स्टीअरिंगवर बसलेली. भोवती पंधरा-वीस माणसं, आणि त्यांनी होडीचा जाड नायलॉनचा दोर आणलेला.

त्यांचं चुकलं म्हणता येणार नाही. होडी वर घ्यायची तर असंच करतात. जिथे मजबूत दिसेल तिथे दोर बांधायचा, सगळ्यांनी दोराला हात लावायचा, एकाने आरोळी द्यायची. सात पिढ्या हेच करत आल्या. फरक इतकाच की या वेळी दोराचं दुसरं टोक ते माझ्या पिकअपला बांधणार होते आणि हात मात्र दोरावरच ठेवणार होते. जीपकडचं टोक त्यांनी बंपरवरच्या लाल हुकाला बांधून टाकलं होतं.

मी मेट्रनबाईंकडे बघितलं. त्यांनी कोणाच्या तरी हातातली प्लास्टिकची खुर्ची घेतली, लांब कोरड्या वाळूवर नेऊन ठेवली आणि बसल्या.

"माझा हात मोडलाय," त्या म्हणाल्या. "आज ऑपरेशन तुझं. मी नर्स."

मी वाळूत आडवी होऊन जीपच्या पुढे खाली बघितलं. लाल हुक बंपरच्या पत्र्याला दोन बारीक स्क्रूंनी लावलेला, म्हणजे शोभेचा. आत बांधायच्या बारीक कड्या. आणि चासीच्या दोन्ही टोकांना, जिथे खरे हुक असायला हवेत, तिथे नुसती भोकं.

"इथले हुक कुठे गेले?" मी ओरडले.

"काडले," दीर म्हणाला. "बॉनेटवर जाली टाकली की त्यात अडकायची. फाटायची ना."

जाळं फाटतं म्हणून हुक काढले! अशी चूक कोळीवाड्यातच होऊ शकते. घाटावरच्या माणसाला सुचणारसुद्धा नाही.

"टाकले कुठे?"

"टाकनार कशाला? लोखंड आमी टाकत नाय." नाखवीण आतून ओरडली. "शिटीखाली बग, डब्यात हायत!"

हुक सीटखाली होते. बोल्टही होते, चारही, आकडा कोरलेले, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले.

आता ठरवायचं मला होतं. हुक परत बसवायला वेळ जाणार आणि पाणी थांबणार नाही. मागच्या चाकांपर्यंत फेस येऊ लागला होता. माणसं चिडली.

"बाय, हितं गॅरेज खोलतेस काय?"

"पानी इंजिनात गेलं की मग लाव हुक! तिरडीला लाव!"

"दोर हाय, पोरं हायत, गाडी हाय. ओड!"

मी मेट्रनबाईंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांनी काही सांगितलंही नसतं. नाखविणीकडे बघितलं. गाडी तिची होती.

"लाल हुकाला ओढलं तर बंपर सुटेल आणि यांच्यातल्या कोणाच्या तरी छातीत बसेल," मी म्हटलं. "गाडी इथेच राहील. हुक लावले तर निघेल. मला पाना फिरवायला वेळ दे."

तिने मागे वळून पाण्याकडे बघितलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सोडा तो दोर! मासली उतरवा माज्या गाडीतली, बरफाचे खोके पन उतरवा. वजन कमी करा. आनि फावडी घेऊन चाकांपुढची वालू काडा, उभे राऊन तमाशा बगताय ते! ही हुक लावील. ज्याला घाई हाय त्याने बायकोला जाऊन घाई करावी!"

लोक हसले आणि कामाला लागले. हे मेट्रनबाईंना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

मी खाली आडवी. पाठ भिजलेली, केसांत वाळू. डावा हुक पटकन बसला. उजव्याच्या भोकात वाळू आणि गंज भरलेला, बोल्ट वाकडा जायला लागला. जबरदस्ती करायचा मोह झाला. केली नाही, काढला, भोक बोटाने आणि पदराने साफ केलं, पुन्हा घातला. आता तो सरळ गेला. पान्यावर पाय देऊन आवळला. दीर चाकांची हवा कमी करत होता, त्याला शिकवावं लागलं नाही.

दोन्ही हुकांत शॅकलने आखूड पट्टा, तो मधे लांब पट्ट्याच्या फासातून ओवलेला, लांब पट्ट्याचं दुसरं टोक माझ्या पिकअपच्या मागच्या चासीच्या हुकात. पट्ट्याच्या मधोमध ओलं गोणपाट टाकलं, म्हणजे तुटलाच तर उडण्याऐवजी पडेल. एवढं झाल्यावर माणसं सवयीने पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना येऊन उभी राहिली. काहींनी हातसुद्धा लावला.

"ओटीतून बाहेर!" लांबून मेट्रनबाईंचा आवाज आला. कोणी हललं नाही. ओटी कशाला म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं.

नाखविणीने हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. कानठळ्या बसल्यावर सगळे तिच्याकडे वळले.

"त्या मेट्रनबायच्या खुर्चीमागे जाऊन उबे रावा! सगले! पट्ट्याजवल जो दिसंल त्याला उद्यापासून मावरं बंद! आनि बोलनार फक्त ही!"

गेले. पंधरा-वीस दणकट माणसं एका प्लास्टिकच्या खुर्चीमागे ओळीने उभी राहिली. मेट्रनबाई मधे, प्लास्टरचा हात मांडीवर, चेहरा इतका समाधानी की फोटोला बसल्यासारखा.

मी पिकअपमध्ये बसले. फोर व्हील टाकली, पहिला गिअर. नाखविणीला सांगितलं होतं, माझा हॉर्न ऐकला की तू पण क्लच हळू सोड, रेस मारू नकोस. हॉर्न दिला. पट्टा वाळूवरून उठला, ताणला, पिकअपची पाठ दबली. जीप हातभर पुढे आली आणि थांबली. मागून लाट आली आणि खड्डा भरला.

खुर्चीमागून आरडाओरडा. मी थांबले. उतरले. पट्टा आधी सैल केला, मगच फावडेवाल्यांना बोलावलं. पुढच्या चाकांसमोर उतार काढून घेतला, तळाशी अडकलेली वाळू ओढली. मग सगळे पुन्हा खुर्चीमागे. या वेळी कोणाला सांगावं लागलं नाही.

दुसरा हॉर्न. आता मी थोडी ढील ठेवली आणि जरा जोराने निघाले. पट्टा ताणला, एका श्वासापुरता काहीच हललं नाही, आणि मग आरशात जीपचं नाक वर उठलेलं दिसलं. चासी कण्हली, हुक जागचा हलला नाही. जीप वाळूतून बाहेर आली, मागून पाण्याचा लोट उडवत, आणि नाखवीण आत काहीतरी ओरडत होती ते इंजिनात ऐकू येत नव्हतं. कोरड्या वाळूवर येईपर्यंत मी थांबले नाही.

मग जो गोंधळ झाला तो होडीच्या शर्यतीनंतर होतो तसा. माणसांनी मला उचलायचा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला. मग त्यांनी खुर्चीसकट मेट्रनबाईंना उचललं. बाई ओरडत होत्या, "हात! माझा हात!" पण खाली ठेवा असं काही म्हणाल्या नाहीत. जीपभोवती एक फेरी काढली त्यांची. ज्यांनी त्यांचं डोकं तापलंय म्हटलं होतं त्यातला एक खुर्चीच्या पायाला धरून होता.

खाली उतरल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. मी काहीतरी ऐकायच्या तयारीत होते.

"उजवा बोल्ट पहिल्यांदा वाकडा जात होता," त्या म्हणाल्या. "तू काढलास. बरं केलंस." मग पट्टा माझ्या खांद्यावर टाकला. "खारं पाणी लागलंय. घरी गेल्यावर धू."

नाखविणीने बर्फाचे खोके परत चढवले. मला वाटलं दोन पापलेटं हातावर ठेवील. ती म्हणाली, "बगतेस काय? फुकट मावरं मी कोनाला देत नाय. तुला तर नायच, भावावरून भांडतेस." आणि जीप सुरू करून निघून गेली, त्याच दोन हुकांसकट. जाळ्यांचं काय करणार विचारलं तर म्हणाली, जाली आता मागे टाकीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विरारच्या मासळी बाजारात गेले. जीप बाहेर उभी होती, चाकांना अजून वाळू. नाखवीण नेहमीच्या जागेवर, नेहमीच्या आवाजात, तीन गिऱ्हाइकांशी एकदम भांडत होती. मी दोन पापलेटं मागितली. तिने भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. तिने मला गर्दीदेखत चांगलं सुनावलं. मी एकाचा कल्ला उघडून बघितला, फिका होता; ते परत करून दुसरं घेतलं, आणि तिने सांगितला तो भाव देऊन घरी आले.